डाविंची रिझॉल्व्ह (फ्री व्हर्जन): फोनवर शूट केलेली ९ मिनिटांची शॉर्ट फिल्म यात पूर्ण केली, त्याचा रिव्ह्यू

फिल्मचं शिक्षण कुठेच घेतलेलं नाही, कॅमेरा म्हणून हातात फोन आहे आणि तरीही शॉर्ट फिल्म करायचीच आहे अशा मंडळींसाठी हे लिहितेय. आम्ही तिघं, तिघंही व्हिडिओ बघून बघून शिकलेले, एक फोन, एक जुना लॅपटॉप, दोन खोल्या आणि एक जिना एवढ्यावर ९ मिनिटांची फिल्म केली आणि शूटनंतरचं सगळं, म्हणजे एडिट, कलर (शॉटचे रंग जुळवणं), साउंड, टायटल, रेंडर (शेवटची व्हिडिओ फाइल काढणं), डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट व्हर्जनमध्येच केलं. मत पहिल्यांदाच सांगून टाकते, घ्या, डोळे झाकून घ्या. फक्त डाउनलोडला लावायच्या आधी शूटच्या दिवशी काय काय सांभाळायचं ते वाचा, कारण शूटमध्ये केलेली चूक हे सॉफ्टवेअर तुम्हाला आकड्या-ग्राफसकट दाखवतं आणि त्यातल्या निम्म्या चुका त्यालाच काय कुणालाच नंतर दुरुस्त करता येत नाहीत. आम्हाला हे एडिटला बसल्यावर कळलं.

आधी फुकट म्हणजे किती फुकट ते बघू, कारण हा प्रश्न सगळेच विचारतात. ट्रायल वगैरे नाहीये, अमुक दिवसांनी बंद पडेल असं काही नाही, आणि व्हिडिओवर शिक्का पण येत नाही. ३८४० बाय २१६० म्हणजे ज्याला आपण ४के म्हणतो तिथपर्यंत आणि सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत एक्सपोर्ट होतं. फोनवर शॉर्ट फिल्म करणाऱ्याला याच्यापुढे काय लागणार आहे सांगा. पैसे भरून मिळणाऱ्या स्टुडिओ व्हर्जनमध्ये ज्या गोष्टी अडकवून ठेवल्यात त्यातल्या आपल्याला खरोखर जाणवतील अशा चारच, व्हिडिओचा नॉइज म्हणजे अंधारात दिसणारे दाणे काढणं, चित्रातला माणूस आपोआप वेगळा निवडून देणारं मॅजिक मास्क, गोंगाटातून आवाज वेगळा करणारं व्हॉइस आयसोलेशन, आणि चित्राला जुन्या रिळासारखे दाणे देणारं फिल्म ग्रेन. यातले चित्राचे इफेक्ट फ्रीमध्ये पण यादीत दिसतात, लावता पण येतात, पण लावले की चित्रावर वॉटरमार्क येतो, त्यामुळे रेंडर झाल्यावर शिक्का दिसला तर घाबरू नका, कुठेतरी असा एखादा इफेक्ट चिकटलेला असतो तो शोधून काढा. बाकी कलरचं जवळजवळ सगळं, साउंडचं जवळजवळ सगळं फ्रीमध्ये आहे. लिनक्सवाल्यांनी मात्र जरा थांबा, तिथल्या फ्री व्हर्जनमध्ये एच.२६४ आणि एच.२६५, म्हणजे फोन ज्या फॉरमॅटमध्ये व्हिडिओ साठवतो ते, चालत नाहीत, म्हणजे फोनची फाइल सरळ उघडतच नाही, प्रत्येक क्लिप आधी दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून घ्यावी लागते.

उघडल्या उघडल्या छाती दडपते हे खरंय. खाली सात पेजेस, मीडिया, कट, एडिट, फ्युजन, कलर, फेअरलाइट, डिलिव्हर, आणि प्रत्येक पेजवर गेलं की वाटतं दुसरंच सॉफ्टवेअर उघडलं. तर ते तसं का वाटतं ते कळलं की भीती निम्मी होते. मुळात ही फक्त कलर करायची सिस्टिम होती, मोठमोठ्या पोस्ट स्टुडिओत असायची, आपल्यासारख्यांना ती लांबून पण दिसली नसती. २००९ मध्ये ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीने ती विकत घेतली, मग हळूहळू त्यात एडिटिंग आलं, २०१७ ला फेअरलाइट म्हणजे साउंडचा भाग आला, २०१८ ला फ्युजन म्हणजे व्हीएफएक्सचा, कॉम्प्युटरवर चित्रात करायच्या करामतींचा भाग आला, आणि हे दोन्ही आधी स्वतंत्र सॉफ्टवेअर होते. म्हणजे वेगवेगळ्या घरात वाढलेली माणसं एका छपराखाली आणून बसवलीत, प्रत्येकाची सवय वेगळी. कलर पेजवर नोड आहेत, म्हणजे एकेका बदलाचे एकमेकांना जोडलेले चौकोन, फ्युजनमध्ये पण नोड आहेत, पण दोन्हींचं डोकं वेगळं चालतं. पहिला महिना एडिट पेज सोडून कुठेच जाऊ नका असं मी प्रत्येकाला सांगते. कट पेज पण नको, ते पटापट काम उरकायला चांगलंय पण शिकताना एडिट पेजच बरं.

आणि या सात पेजेसचा आम्हाला एक फायदा असा झाला की काम वाटून घेता आलं. मी एडिट घेतलं, ज्याने फोन धरला होता त्याने कलर घेतला, आणि आमच्या मैत्रिणीला आवाजाचं वेड आहे तिने फेअरलाइट. एकच प्रोजेक्ट, एकच लॅपटॉप, पाळीपाळीने बसायचो. सगळ्यांना सगळं यायला हवं असा हट्ट धरला असता तर अजून पहिलाच सीन कापत बसलो असतो. शिकायला ब्लॅकमॅजिकच्याच साइटवर ट्रेनिंगची पुस्तकं आणि सरावाचं फुटेज फुकट ठेवलंय, पुस्तकं जाडजूड आहेत पण क्रमाने शिकवतात, सुटे सुटे व्हिडिओ बघून मधले जे खड्डे राहतात ते भरून निघतात.

लॅपटॉपचं बोलू. आमच्यात १६ जीबी रॅम आहे आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड आहे पण साधं. एवढ्यावर एडिट होतं. फ्युजन वापरायचं तर ३२ जीबी पाहिजे. या सॉफ्टवेअरला प्रोसेसरपेक्षा ग्राफिक्स कार्डाची भूक जास्त, त्यामुळे कार्ड नसलेल्या मशीनवर ४के फुटेज टाकलंत तर प्ले दाबल्यावर चित्र गोगलगायीसारखं सरकेल. त्यावर उपाय म्हणजे प्रॉक्सी. मीडिया पूलमध्ये, म्हणजे आत आणलेल्या क्लिप जिथे दिसतात तिथे, क्लिप सिलेक्ट करायच्या, राइट क्लिक, जनरेट प्रॉक्सी मीडिया, आणि झोपायला जायचं. सकाळी प्रत्येक क्लिपची हलकी कॉपी तयार असते, त्यावर एडिट करायचं, रेंडरच्या वेळी ते मूळ फाइल्स वापरतं. आम्ही हे पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं, दहा दिवस उगाच त्या अडखळत्या चित्रावर कट लावत बसलो, आणि अडखळत्या चित्रावर कटचा ठेका कळतच नाही हो, दोन फ्रेम इकडे की तिकडे हे कळायला चित्र वाहतं असावं लागतं.

आता आमची सगळ्यात मोठी चूक. नवीन प्रोजेक्ट उघडलं की त्याचा फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम तो आकडा, २४ असतो. आमचा फोन ३० वर शूट करत होता, कारण तो तसाच येतो आणि आम्ही बघितलंच नव्हतं. पहिली क्लिप आत ओढली तेव्हा एक डबा आला, क्लिपचा फ्रेमरेट वेगळा आहे, प्रोजेक्टचा बदलू का, आणि मी काहीतरी बदलून बिघडायला नको म्हणून नको दाबलं. झालं. ३० चं फुटेज २४ च्या टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप ओळीने लावतो त्या पट्टीवर, बसवताना दर पाचवी फ्रेम गळते. बोलण्याच्या शॉटमध्ये कळत नाही, पण आमच्या फिल्ममध्ये एक शॉट आहे, एक मुलगी जिना उतरते आणि कॅमेरा तिच्या हातासोबत कठड्यावरून सरकत खाली येतो, तो हात सरकायच्या ऐवजी टिचक्या टिचक्या खात खाली येत होता. आम्हाला वाटलं फोन हलला, मग वाटलं लॅपटॉप दमला, रफ कट पूर्ण ९ मिनिटांचा झाल्यावर कुठे फ्रेम फ्रेम पुढे सरकवून बघताना लक्षात आलं की चार फ्रेममध्ये हात समान अंतराने सरकतो आणि पाचव्याला उडी मारतो. प्रोजेक्टचा फ्रेमरेट एकदा मीडिया आत आला की लॉक होतो. नवीन टाइमलाइन वेगळ्या फ्रेमरेटची करता येते, सेटिंगमधली यूज प्रोजेक्ट सेटिंग्जची टिक काढून, पण आधी कापलेली टाइमलाइन बदलत नाही. आम्ही नवीन टाइमलाइन घेऊन दोन रात्री बसून सगळी फिल्म हाताने परत कापली. तेव्हा शूटच्या आधी आकडा ठरवा, २४ किंवा २५ किंवा ३०, काहीही ठरवा, पण फोनमध्ये तोच, प्रोजेक्टमध्ये तोच.

याच्याच पोटातली दुसरी गोष्ट म्हणजे फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्याचा फ्रेमरेट स्थिर नसतो. अंधार झाला की फोन स्वतःच कमी करतो, लिहिलेलं असतं ३० पण प्रत्यक्षात कधी २९, कधी २७. एरवी कुणाला फरक पडत नाही. पण तुम्ही आवाज वेगळा रेकॉर्ड केला असेल तर मेलात. टाळी वाजवून त्या आवाजावरून सिंक केलेला, म्हणजे चित्राशी जुळवलेला टेक सुरुवातीला चपखल बसतो आणि चार मिनिटांनी शब्द आधी येतो आणि ओठ नंतर हलतात. यासाठी हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडून क्लिप बदलून घ्यायच्या आणि मगच रिझॉल्व्हमध्ये आणायच्या. वेळ जातो, पण दुसरा इलाज नाही. फोनमधलं एचडीआर, म्हणजे जास्त उजळ-गडद पल्ल्याचा व्हिडिओ घेणारा मोड, पण बंद करून टाका, नाहीतर साध्या टाइमलाइनवर चेहरे पांढरेफटक दिसतात आणि तुम्ही कलरमध्ये त्याच्याशी झुंजत बसता.

यातून पुढे आम्ही ब्लॅकमॅजिकचंच फुकट कॅमेरा अॅप घेतलं. आयफोनसाठी ते २०२३ ला आलं, अँड्रॉइडसाठी २०२४ ला, अँड्रॉइडचे सगळे फोन चालत नाहीत, यादी बघून घ्या. दुसऱ्यांदा जिन्याचा भाग शूट केला तो याच्यावर आणि फरक जमीन-अस्मानाचा. शटर (प्रत्येक फ्रेम किती वेळ उजेड घेते), आयएसओ (फोन उजेड किती वाढवून घेतो), व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणूनचं सेटिंग), फोकस सगळं आपण ठरवून कुलूप लावायचं. माणूस खिडकीसमोरून चालत गेला की नेहमीच्या कॅमेऱ्यात अख्खी खोली आधी काळी आणि मग उजळ होते ना, ती थांबते. व्हाइट बॅलन्स उजेडात ५६०० केल्व्हिन, पिवळ्या बल्बखाली ३२०० च्या आसपास, आणि मग त्याला हात लावायचा नाही. शटर साधारण फ्रेमरेटच्या दुप्पट, २५ ला १/५०. आणि विजेचे दिवे असतील तर जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे १/५० किंवा १/१००, जिथे ६० ची तिथे १/६० किंवा १/१२०, नाहीतर ट्यूबलाइट लपलपते आणि तो लपका एडिटमध्ये जात नाही. बाहेर उन्हात १/५० ठेवलं की सगळं पांढरं होतं, त्यासाठी फोनवर लावायचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, मिळतो, आमच्याकडे नव्हता म्हणून आम्ही बाहेरचा सीन संध्याकाळी घेतला.

आता एडिट. याबद्दल फार तक्रार नाही आणि फार कौतुक पण नाही, जे लागतं ते सगळं आहे आणि शॉर्टकट बोटात बसले की हात भरभर चालतो. एकच जागा सांगते. आमच्या फिल्ममध्ये दोन बहिणी आहेत, एक दाराबाहेर, एक आत, आणि आतलीला बाहेरच्या पावलांचा आवाज येतो. मी आधी चित्र आणि आवाज एकाच जागी कापले होते, पावलं दिसली की पावलं ऐकू येणार. सीन मेलेला होता. मग ऑडिओ-व्हिडिओची लिंक सोडून पावलांचा आवाज १२ फ्रेम आधी ओढला, म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद आतलीच्या चेहऱ्यावर बाहेरची पावलं ऐकू येतात आणि मग कट. तिने शूटच्या वेळी काहीतरी ऐकू आल्यासारखी मान किंचित वळवली होती, ती मान वळणं आधी फुकट जात होतं, आता त्याला कारण मिळालं. मग ८ फ्रेम करून बघितलं, मग १८, शेवटी १४ वर थांबलो. हे शिकायला कुठलंही सॉफ्टवेअर चाललं असतं मान्य आहे, पण आम्हाला हे पैसे न भरता आणि वेळेची घाई न करता मिळालं, एक कट रात्रभर हलवत बसलो तरी कुणाचं मीटर पडत नव्हतं.

कलर पेजसाठी मात्र हे सॉफ्टवेअर डोक्यावर घेऊन नाचावं. उदाहरण देते. खिडकीजवळचा सीन, दुपारी सुरू केला आणि संपेपर्यंत ऊन उतरलं. एका बहिणीचे क्लोजअप दुपारचे, दुसरीचे संध्याकाळचे, समोरासमोर बोलतायत आणि एक निळी दिसते आणि एक नारिंगी. आमचा कलरवाला पहिल्यांदा नजरेने जुळवत बसला, एक तास झाला आणि त्याला सगळंच बरोबर वाटायला लागलं, कारण डोळा सवय करून घेतो. मग त्याने स्कोप, म्हणजे चित्राचे रंग आणि उजेड दाखवणारे ग्राफ, उघडले. परेडमध्ये लाल, हिरवा, निळा वेगवेगळे उभे दिसतात, मागची पांढरी भिंत दोन्ही शॉटमध्ये आहे, ती भिंत एका शॉटमध्ये तिन्ही रंगात सारखी आणि दुसऱ्यात लाल वर गेलेली. तेवढं चाक फिरवून खाली आणलं, भिंत जुळली आणि चेहरा आपोआप जवळ आला. व्हेक्टरस्कोपवर त्वचेच्या रंगाची एक तिरकी रेघ दाखवता येते, माणूस गोरा असो की काळासावळा, चेहरा त्याच रेषेच्या आसपास पडतो, हे कळल्यावर तर त्याला खजिना सापडला. उरलेल्या फरकासाठी चेहऱ्यावर गोल पॉवर विंडो, म्हणजे बदल फक्त तेवढ्याच भागावर करणारा आकार, काढली, ट्रॅक दाबलं, तिने मान हलवली तशी विंडो मागे मागे गेली, आणि फक्त चेहरा थोडा उजळ केला. हे सगळं फ्रीमध्ये. नोडचं तंत्र एवढंच लक्षात ठेवा की एका नोडमध्ये एकच काम करायचं, पहिल्यात एक्सपोजर, दुसऱ्यात व्हाइट बॅलन्स, तिसऱ्यात चेहरा, आणि शेवटी लूक, म्हणजे नंतर काही बिघडलं तर कुठे बिघडलं ते सापडतं. बाहेरून आणलेला एखादा एलयूटी, म्हणजे रंगांचा तयार साचा, पहिल्याच नोडवर फुल्ल ताकदीने मारून सिनेमॅटिक झालं म्हणणाऱ्यांच्या फिल्म एका नजरेत ओळखू येतात, चेहरे तांब्याच्या भांड्यासारखे दिसतात, कृपा करून ते करू नका.

इथेच अंधाराचा प्रश्न येतो. जिन्याचा सीन आम्ही पहिल्यांदा रात्री एका बल्बवर घेतला, फोनने आयएसओ वर वर नेला आणि सावल्यांमध्ये मुंग्या सुटल्या. व्हिडिओचा नॉइज काढणं फ्रीमध्ये नाहीये हे वर सांगितलंच. काळं अजून काळं करून थोडं झाकलं जातं, पण मग भिंतीचा पोत पण जातो. शेवटी आम्ही तो सीन परत घेतला, एक टेबललॅम्प जिन्याच्या वळणावर ठेवून त्याच्यासमोर पांढरं पातळ कापड ताणून, चेहऱ्याच्या बाजूने उजेड, बाकी जिना अंधारात. आयएसओ खाली आला, मुंग्या गेल्या, आणि चित्र पहिल्यापेक्षा जास्त रात्रीचं दिसायला लागलं. अंधाराचा सीन शूट करायला उजेड लागतो हे वाक्य आम्ही दहा ठिकाणी ऐकलं होतं, पण कापडामागचा तो दिवा लागला आणि चेहऱ्याची एक कड उजळली तेव्हा ते कळलं.

आता साउंड, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण स्वतः शिकलेल्यांच्या फिल्म इथेच मार खातात. चित्र थोडं हललं, थोडं मऊ आलं तर बघणारा समजून घेतो, पण संवाद ऐकू आला नाही की तो दुसऱ्या मिनिटाला उठतो. आम्ही आधी एक स्वस्तातला कॉलरमाइक घेतला होता, ब्रँड सोडा, त्याची वायर ड्रेसच्या कापडाला घासली की खसखस, आणि तिसऱ्या दिवशी तो एका बाजूनेच ऐकू यायला लागला. मग मैत्रिणीने स्वतःचा जुना फोन, ज्याची स्क्रीन फुटलीये, तो काढला, रेकॉर्डर चालू केला, सायलेंट आणि फ्लाइट मोडवर टाकला आणि बोलणाऱ्या बहिणीच्या खिशात, कधी उशीखाली, कधी टेबलावर पुस्तकामागे, फ्रेममध्ये दिसणार नाही असा तोंडापासून हातभर अंतरावर ठेवला. प्रत्येक टेकच्या आधी एक टाळी. दूर उभ्या असलेल्या कॅमेरा-फोनमध्ये सगळी खोली ऐकू येते, खिशातल्या फोनमध्ये माणूस ऐकू येतो. रिझॉल्व्हमध्ये दोन्ही क्लिप निवडून ऑटो सिंक, वेव्हफॉर्मवरून, की ते स्वतःच जुळवून देतं, ९० टक्के वेळा बरोबर. जिथे चुकलं तिथे टाळीचा टोकदार सुळका बघून हाताने.

पण एक सीन हातचा जाणार होता. मोठ्या खोलीतला, पंखा चालू ठेवून घेतलेला, कारण उकडत होतं आणि आमच्यापैकी एकाने म्हटलं की अरे तो आवाज नंतर काढू. फेअरलाइटमध्ये डी-हमर आहे, विजेची एकसुरी गुणगुण तो छान काढतो. नॉइज रिडक्शनचं ऑडिओ प्लगइन पण फ्रीमध्ये आहे, त्याला दोन सेकंद नुसता नॉइज ऐकवायचा आणि मग तो वजा करतो. पण पंख्याची पाती हवा कापतात तो आवाज सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो, तो काढायला जोर लावला की बाईचा आवाज डब्यातून बोलल्यासारखा येतो. मैत्रीण तीन संध्याकाळ हेडफोन लावून बसली, अर्धा काढला, अर्धा ठेवला, ८० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं, आणि तरी कट आला की कळायचं, कारण एका शॉटमध्ये पंखा जवळ आणि दुसऱ्यात लांब, प्रत्येक कटला मागचा आवाज उडी मारायचा.

वाचवलं ते ४० सेकंदांनी. शूटच्या दिवशी पॅकअप व्हायच्या आधी तिने सगळ्यांना गप्प बसवून रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड केला होता, पंख्यासकट. आम्ही तेव्हा चिडलो होतो, सगळे दमलेले आणि ही म्हणते हलू नका. ते ४० सेकंद तिने अख्ख्या सीनच्या खाली एक वेगळा ट्रॅक करून पसरले, जोडाच्या जागी फेड दिले, आणि कटवरच्या उड्या त्या सलग आवाजात विरघळल्या. आता ऐकणाऱ्याला वाटतं खोलीत पंखा आहे, असतोच खोलीत पंखा. पावलं, कडी, कपड्यांची सळसळ हे सगळं तिने नंतर खोलीत बसून रेकॉर्ड केलं, आणि काही फेअरलाइटच्या फुकट साउंड लायब्ररीतून घेतलं, त्यात फोलीचे, म्हणजे अशाच नंतर भरायच्या हालचालींचे, ५०० आवाज आहेत. दुसऱ्याची गाणी उचलू नका हे वेगळं सांगायला नको, यूट्यूबचा कंटेंट आयडी पकडतोच आणि फेस्टिव्हलवाले हक्कांचे कागद मागतात. आमच्या एका ओळखीच्या दादाने हार्मोनियमचे चार सूर फोनवर वाजवून पाठवले, तेच आमचं म्युझिक.

फ्युजनवर मी फार बोलत नाही कारण आम्ही त्यात टायटल आणि एका भिंतीवरचं पोस्टर पुसणं एवढंच केलं आणि तेवढ्यात लॅपटॉपला घाम फुटला. पण व्हीएफएक्सचं वेड असलेल्यांनी नायजेरियातल्या कडुना शहरातल्या द क्रिटिक्स या पोरांचं काम जरूर बघा. २०१९ मध्ये त्यांच्याबद्दल जगभर बातम्या आल्या, स्क्रीन फुटलेला फोन, मोडक्या माइकस्टँडचा ट्रायपॉड, महिनाभर पैसे साठवून घेतलेलं हिरवं कापड भिंतीवर टांगलेलं, आणि त्यावर ही पोरं सायन्स फिक्शन शॉर्ट फिल्म करत होती. आम्ही तिघांनी त्यांचे व्हिडिओ एकत्र बसून बघितले त्याच रात्री फिल्म करायचं ठरलं, म्हणून त्यांचं नाव घेतल्याशिवाय मला हा रिव्ह्यू पूर्ण करायचा नव्हता.

एक धोक्याची गोष्ट जी नवीन माणसाला कुणी सांगत नाही. रिझॉल्व्ह तुमचं प्रोजेक्ट फाइल म्हणून फोल्डरमध्ये ठेवत नाही, ते स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतं. म्हणजे फुटेजचा फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी केला म्हणजे एडिट पण कॉपी झालं असं अजिबात नाही. रोज उठताना प्रोजेक्ट एक्सपोर्ट करून ती छोटी फाइल मेल करून ठेवायची, आणि सेटिंगमध्ये प्रोजेक्ट बॅकअप चालू आहे का बघायचं. फुटेज तर दोन जागी पाहिजेच. आणि फुटेजच्या फोल्डरचं नाव किंवा जागा मध्येच बदलू नका, सगळ्या क्लिप लाल होऊन मीडिया ऑफलाइन म्हणतात, रीलिंक करता येतं पण पहिल्यांदा बघितल्यावर काळजात धस्स होतं.

डिलिव्हर पेज सोपंय, यूट्यूबचं तयार प्रीसेट आहे. आवाजाचा लाउडनेस मीटर फेअरलाइटमध्येच आहे, यूट्यूब जास्त मोठा आवाज साधारण -१४ एलयूएफएसपर्यंत (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) खाली आणतं, आम्ही तिथेच ठेवला. थिएटरमध्ये दाखवायला फेस्टिव्हलने डीसीपी, म्हणजे थिएटरच्या प्रोजेक्टरसाठीची डिजिटल प्रत, मागितली तर डीसीपी-ओ-मॅटिक हे वेगळं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात होते, पण ती २४ फ्रेमवर करणं सगळ्यात सुरक्षित, म्हणून आता पुढची फिल्म आम्ही पहिल्या शॉटपासून २४ वर घेणार. लांबीची फार चिंता करू नका, ऑस्करच्या नियमात सुद्धा क्रेडिट्स धरून ४० मिनिटांपर्यंत शॉर्ट फिल्मच, पण आमचा अनुभव विचाराल तर पहिला कट १६ मिनिटांचा होता आणि फिल्म ९ मध्ये बसली.

कुणी घेऊ नये तेही सांगते. तुम्हाला उद्या संध्याकाळपर्यंत ३० सेकंदांची रील टाकायचीये तर फोनवरचं अॅप बरं, इथे तुम्ही सेटिंगमध्येच अडकाल. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आणि ग्राफिक्स कार्डाशिवाय असेल तर आधी कुणा मित्राच्या मशीनवर एक सीन करून बघा. आणि फिल्ममध्ये अर्धे सीन रात्रीचे असतील तर नॉइजचा विचार आधी करा, दिवा आणि कापड आधी जमवा, स्टुडिओ व्हर्जनचा विचार नंतर.

बाकी सगळ्यांनी आज डाउनलोडला लावा. पहिलं काम म्हणून स्क्रिप्ट लिहू नका, एकाच खोलीत एक माणूस दारातून आत येतो, पाणी पितो, खिडकी लावतो एवढं चार शॉटमध्ये घ्या, एक टाळी, एक खिशातला फोन, शेवटी रिकाम्या खोलीचे ४० सेकंद, आणि तेवढंच कापा, कलर करा, आवाज लावा, रेंडर करा. आमची नवीन फिल्म पुढच्या महिन्यात सुरू होतेय, मैत्रिणीने कॉलशीटमध्ये, म्हणजे शूटच्या दिवसाच्या वेळापत्रकात, प्रत्येक सीनच्या खाली आत्ताच लिहून ठेवलंय, पंखा बंद, कुणी हलायचं नाही.